आईसाठी घेतलेला कॉम्प्युटर

नौपाड्यातल्या छापखान्याला टाळं लागलं तेव्हा शुभदा आगाशे अठ्ठावन्न वर्षांची होती. उमेदीची सगळी वर्षं तिनं तिथं मजकूर जुळवण्यात घालवली होती. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दिवाळी अंक, पतपेढ्यांचे अहवाल. ठाण्यात छापलेल्या कागदांपैकी पुष्कळसे तिच्या बोटांखालून गेलेले. मालक थकले, त्यांचा मुलगा कॅनडात स्थायिक झाला, जागा बिल्डरकडे गेली. निरोपाला शाल, नारळ आणि ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला. डोंबिवलीला परतताना आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. पण डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. आता स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचा.

नुसती हौस नव्हती ती. सिद्धेश राजे म्हणून एक तरुण प्रकाशक छापखान्यात नेहमी यायचा. वडिलांमागे त्यानं त्यांची छोटी प्रकाशन संस्था पुढे चालवली होती. शेवटच्या आठवड्यात त्यानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की घरून काम करणार असाल तर माझ्याकडे भरपूर आहे. पहिलंच काम मोठं होतं. मानपाड्याचे गुणाजी भोईर म्हणून एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी आयुष्यभर आगरी बोलीतले शब्द जमवले होते. मिठागराचे, खाडीकाठच्या खाजणातले, भाताच्या शेतातले, लग्नातल्या धवलगीतांमधले. त्याचा कोश करायचा होता. दोन रकान्यांची पानं, ठळक शब्द, तिरपे अर्थ, मध्ये मध्ये छोटी चित्रं. असलं काम वर्षानुवर्षांत एखादंच येतं हे शुभदाला ठाऊक होतं. गुरुजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाला कोश प्रकाशित व्हायचा होता.

त्या रात्री जेवताना तिनं घरात सांगितलं. नवरा, ज्याला मुलाचं ऐकून सगळी सोसायटीच अण्णा म्हणायची, आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाला, की इतकी वर्षं मान मोडून काम केलंस, आता जरा घरात बस. पण नीलनं मान वर केली. नील तिचा एकुलता एक मुलगा, ठाण्याला आयटी कंपनीत. एरवी आईच्या बोलण्याला तो हं करून फोनमध्ये बघायचा. आज फोन बाजूला ठेवून म्हणाला, "आई, मस्त आयडिया आहे. मी शोधतो तुझ्यासाठी. तू काही बघू नकोस."

शुभदाला इतकं बरं वाटलं, की तिनं त्याला आग्रहानं दुसरी भाकरी वाढली.

खरं तर तिनं थोडंफार बघून ठेवलं होतं. स्टेशनकडे जाताना साईनाथचं कॉम्प्युटरचं दुकान लागायचं, तिथं उभ्या उभ्या चौकशी केली होती. साईनाथनं काय काम करणार ते नीट विचारलं, आणि मग एक साधा, भरवशाचा डेस्कटॉप सुचवला. तिला तीनच गोष्टी हव्या होत्या. एक तर स्क्रीन सपाट आणि उभी फिरवता येणारी हवी, म्हणजे पुस्तकाचं अख्खं पान एका नजरेत दिसतं. दुसरं, कीबोर्डची बटणं खोल दाबली जाणारी हवीत. बटण दाबलं गेलं हे बोटाला कळायला हवं. तिसरी गोष्ट दुकानात मिळणारी नव्हतीच. हॉलमधल्या खिडकीशी टेबल. सगळं मिळून पंचेचाळीस हजारांच्या आत बसत होतं.

नीलनं ते ऐकून घेतलं आणि हसला. त्यानं फोनवर एक यादी केली होती. तिच्यात रोज काहीतरी वाढायचं. आधी प्रोसेसर वरचा झाला, कारण खालचा दोन वर्षांत जुना होतो. मग ग्राफिक कार्ड आलं, कारण उद्या तुला चित्रं करायची झाली तर. मग रॅम दुप्पट झाली, कारण रॅमचे भाव असे चढत होते की आज घेतली नाही तर पुढच्या महिन्यात रडायची पाळी येईल. मग काचेचा कॅबिनेट, आत थंड करायला पंखे. प्रत्येक वाढीला कारण होतं आणि प्रत्येक कारणात शुभदाचं नाव होतं. ती म्हणायची, अरे मला पानं लावायचीत, रॉकेट सोडायचं नाही. तो म्हणायचा, "तू परत परत घेणार आहेस का? एकदाच घ्यायचा तर चांगला घे ना."

अण्णांनाही आता त्यात गोडी वाटू लागली होती. बापलेक रविवारी सकाळी शेजारी बसून व्हिडिओ बघायचे. कुठली कंपनी किती वॉरंटी देते, ठाण्यात काय भाव, कल्याणला जोडून घेतला तर किती वाचतात. कित्येक वर्षांत ते दोघं इतका वेळ एकमेकांशी बोलले नव्हते. शुभदा चहा नेऊन द्यायची आणि क्षणभर दाराशी थांबायची. आपल्यामुळे घरात हे घडतंय याचं तिला समाधान होतं. नीलची बायको श्रिया कल्याणला बँकेत होती. ती एकदा कपडे घडी करता करता म्हणाली, "आईंना नक्की काय हवंय ते एकदा लिहून घ्या ना." नील म्हणाला, आईलाच तर विचारून चाललंय सगळं. श्रियानं पुढे काही म्हटलं नाही, आणि शुभदानंही नाही.

शेवटी शनिवारी चौघं ठाण्याला गेली. दुकान मोठं, थंडगार, भिंतीवर रंगीत उजेड सांडणारी यंत्रं. विकणाऱ्या माणसानं चौघांकडे पाहिलं आणि नीलशी बोलायला सुरुवात केली. गेमिंग की एडिटिंग? नील म्हणाला, दोन्ही. अण्णा मागे हात बांधून उभे राहिले आणि मोटारगाडी घ्यायला आल्यासारखे एकेका यंत्राभोवती फिरू लागले. शुभदा एका सपाट स्क्रीनपुढे थांबली. तिच्या कडेला हात लावून पाहिला. ती खरंच उभी फिरत होती. तिनं त्या माणसाला बोलावून विचारलं, ही कितीला?

"काकू, हे ऑफिसवाले घेतात," तो म्हणाला. "घरासाठी आता सगळे कर्व्हच नेतात. एकदा बघाल तर साध्यावर नजर ठरणार नाही."

कर्व्ह म्हणजे धनुष्यासारखी वाकलेली स्क्रीन. तिच्यावर एक मोटारशर्यत चालली होती. शुभदा म्हणाली, ह्याच्यावर सरळ रेघ वाकडी दिसेल. नील म्हणाला, दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते आई, आणि ऑफर ह्याच्यावरच आहे. अण्णा म्हणाले, "अगं, त्याला कळतं त्यातलं. घेऊ दे."

घेऊ दे. तिचेच पैसे, आणि परवानगीही तिनंच द्यायची होती. तेव्हा तिला ते नीट उमगलं नाही. दुकानात चारचौघांत मुलाचा हिरमोड करणं तिच्यानं झालं नसतं, आणि त्याच्या तोंडावर लहानपणी सायकल घेतानाचा आनंद होता. भावाची घासाघीस होऊन आकडा एक लाख अठ्ठावीस हजारांवर थांबला. माणसानं यंत्र पुढे केलं, शुभदानं कार्ड दिलं आणि पिन दाबला. त्या दिवशी दुकानात कुणी तिच्याकडून मागितलेली ती एकच गोष्ट. बिलावर नाव नीलचं पडलं, कारण वॉरंटीसाठी नंबर त्यानंच दिला होता.

कॉम्प्युटर घरी आला आणि हॉलमध्ये राहिला नाही. खिडकीशी धूळ येते, उन्हानं यंत्र तापतं, वायफायचा डबाही नीलच्या खोलीत आणि एसीही तिथंच. कारणं याही वेळी खोटी नव्हती. नीलनं टेबल मांडलं, तारा जोडल्या, सुरू केल्यावर काचेतून निळा-जांभळा उजेड पडला तेव्हा अण्णांनी शेजारच्या जोशांना बोलावून दाखवलं. हिच्यासाठी घेतला, असं ते जोशांना म्हणाले. नीलनं त्यात तिचं वेगळं खातं उघडून दिलं, त्यावर आई असं लिहिलं.

नील आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचा. त्याला ऑफिसचा लॅपटॉप होता, पण मोठ्या स्क्रीनला तो जोडला की कसं आरामात होतं. ऑफिस संपलं की कानांवर हेडफोन चढवून त्याचे खेळ सुरू व्हायचे. शुभदाच्या वाट्याला उरले दोन दिवस, तो ठाण्याला जायचा तेव्हाचे. त्या दिवशीही तिला मुला-सुनेच्या खोलीत जाऊन बसावं लागायचं. गादीवर तशीच पडलेली चादर, दाराआड श्रियाचा गाऊन, आरशापाशी उघडी राहिलेली डबी. आपण कुणाच्या तरी घरात चोरून शिरलोय असं तिला वाटायचं. एकदा श्रियाला बरं नव्हतं म्हणून ती बँकेत गेली नव्हती, झोपली होती. शुभदा दार लोटून आत गेली आणि तशीच मागे फिरली. तो दिवस फुकट गेला.

तरी काम चाललं होतं. वाकड्या स्क्रीनवर रकाने फुगलेले दिसायचे, म्हणून ती मोजमापाच्या आकड्यांवर विसंबून पानं लावायची आणि छापून बघायला खालच्या झेरॉक्सच्या दुकानात जायची. गुणाजी गुरुजी अधूनमधून फोन करायचे. निवटी मासळी कुठल्या चिखलात सापडते, खाजणाला बांध कसा घालतात, हे सांगता सांगता भलतीकडेच जायचे, आणि शुभदा हातातलं काम थांबवून ऐकायची. छापखान्यात इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण एखाद्या पुस्तकानं तिच्याशी असं बोलावं हे पहिल्यांदाच घडत होतं. अ पासून म पर्यंत पानं लागली. छापखान्याच्या सवयीनं ती प्रत्येक गोष्ट दोन जागी ठेवायची, यंत्रातल्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत. पेन ड्राइव्ह जुना, छोट्या मापाचा; छापून बघितलेली पानं पुसून त्यावर ती पुढची घ्यायची.

एका सोमवारी नील ऑफिसला गेल्यावर ती खोलीत गेली, कॉम्प्युटर सुरू केला, तर आई असं लिहिलेलं खातं नव्हतं. तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. पुन्हा बंद करून सुरू केला. मग नीलला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, हळू आवाजात बोलला. रविवारी तिच्या नणंदेकडे ती आणि अण्णा गेले होते, तेव्हा एक नवा खेळ अडकत होता, म्हणून त्यानं सगळं पुसून नव्यानं टाकलं होतं. दोन्ही कप्पे उडवावे लागले.

"तुझं काही होतं का त्यात?" त्यानं विचारलं.

शुभदा म्हणाली, "होतं."

"मग बॅकअप नव्हता का घेतलास? आई, तू इतकी वर्षं हेच काम केलंस ना?"

तिनं फोन ठेवला. संध्याकाळी नील आला तो एक पेन ड्राइव्ह घेऊन, मोठ्या मापाचा, महागातला. सॉरी म्हणाला, गळ्यात हात टाकला. काय काय करून बघितलं, पण गेलेलं परत आलं नाही. अण्णा रात्री कुशीवर वळता वळता म्हणाले, "जाऊ दे ना. एवीतेवी तुझे डोळे जाणार होते त्या कामानं." ते समजुतीनंच म्हणाले होते. ती मात्र पहाटेपर्यंत छताकडे बघत पडली.

सिद्धेशनं ऐकून घेतलं. रागावला नाही, उलट तिचीच समजूत घालत राहिला. पण सभागृह ठरलं होतं, पाहुणे ठरले होते, आणि गुरुजींची तब्येत तोळामासा. त्यानं कोश अक्षरजुळणी करणाऱ्या पुण्याच्या एका मोठ्या कार्यालयाकडे दिला, तिथं चार माणसं एका वेळी बसवतात. पुढचं काम तुमचंच, असं तो म्हणाला. पुढचं काम आलं नाही. गुरुजींचा फोन आला होता एकदा. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, ते नेहमीसारखंच एका शब्दाबद्दल बोलू लागले. शुभदानं त्यांना सिद्धेशचा नंबर दिला आणि मला दुसरं काम आलंय म्हणून सांगितलं.

मग ती खालच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसू लागली.

दुकान निशाचं. चाळिशीची, नवरा गेलेला, पॅन कार्ड, आधार, शाळांचे अर्ज, सगळं ती करायची. तिच्याकडे दोन जुने कॉम्प्युटर होते, त्यातल्या मागच्यावर तासाच्या भाड्यानं कुणीही बसावं. त्या दिवशी शुभदा गेली तेव्हा निशाला वाटलं, काकूंना नेहमीसारखी पानं छापून हवीत. शुभदा म्हणाली, मला बसायला दे, काम मी माझं आणीन. एका शिकवणीवाल्याच्या दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका मिळाल्या. मग एका मंडळाची स्मरणिका. कोशाच्या पासंगालाही पुरणारं काम नव्हतं ते. स्क्रीन छोटी होती आणि यंत्र दर तासाला अडायचं. डोक्यावर पंखा कुरकुरायचा, पाठीमागे लोक आधारच्या रांगेत उभे असायचे. पण तिथं कुणी तिला केव्हा उठणार म्हणून विचारत नव्हतं.

आठवडाभरात सोसायटीत बोलणं झालं. जोशांनी अण्णांना लिफ्टमध्ये विचारलं, की एवढा लाखाचा कॉम्प्युटर घरात असताना वहिनी झेरॉक्सच्या दुकानात कशा? अण्णा घरी येऊन चिडले. तू मुद्दाम करतेस, आम्हाला चारचौघांत खाली बघायला लावतेस. शुभदानं शांतपणे सांगितलं, की मी काम करते आहे. नील दुसऱ्या दिवशी म्हणाला, की आपण वेळापत्रक करू, संध्याकाळी सात ते नऊ मी अजिबात बसणार नाही. तिनं भाजी निवडता निवडता मान हलवली, आणि सकाळी चपला घालून खाली गेली.

मग एका संध्याकाळी स्टेशनवरून येताना श्रिया दुकानात शिरली. निशा बाहेर चहा सांगायला गेली होती. श्रिया पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, घरात सगळे अस्वस्थ आहेत, कॉम्प्युटर हॉलमध्ये आणायला नील तयार आहे, तुम्ही वर चला.

शुभदानं हातातलं वाक्य पुरं केलं. "तुला काय वाटतं?"

"मला?" श्रिया थांबली. "खरं सांगू का? तुम्ही आमच्या खोलीत बसायचात ना, मला फार अवघड व्हायचं. कामावर असले तरी मनात यायचं, सगळं आवरलंय की नाही. तुम्ही इथं यायला लागलात आणि मला सुटल्यासारखं झालं. मग स्वतःचीच लाज वाटली."

महिनोन्‌महिन्यांत घरातल्या कुणी शुभदाशी इतकं खरं बोललं नव्हतं. तिला त्या पोरीचा हात धरावासा वाटला. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "तू त्या दिवशी एकदा बोललीस," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा का नाही बोललीस?"

"तुम्हीसुद्धा गप्पच होतात, आई."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं. शुभदा म्हणाली, "जा तू. कुकर लावून ठेवलाय, शिट्ट्या तेवढ्या कर." श्रियाचा चेहरा उतरला. ती उठून गेली, आणि शुभदा नंतर बराच वेळ एकाच ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. आपण असं बोलायला नको होतं, हे तिला कळत होतं. तरी तिनं हाक मारून तिला परत बोलावलं नाही.

कॉम्प्युटर हॉलमध्ये आलाच नाही. त्याची गरजही उरली नाही, कारण दिवाळीनंतर नील आणि श्रियानं ठाण्याला घोडबंदर रोडवर फ्लॅट घेतला. नीलचं ऑफिस जवळ, श्रियाला बदली मिळणार होती. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा खोलीतली गादी, कपाट, आरसा एकेक करून खाली गेलं. नील टेबलाखाली वाकून तारा सोडवत होता. त्यानं तिथूनच हाक मारली, "आई, ह्याचं मूळचं खोकं कुठं ठेवलंस? तसाच नेला तर काच फुटेल."

खोकं माळ्यावर होतं. तिनं स्टूल घेतलं, वर चढली, धूळ झटकून खोकं खाली दिलं. आतले थर्माकोलचे तुकडेही तिनं जपून ठेवले होते. नीलनं कॅबिनेट त्यात बसवला, चिकटपट्टी मारली, आणि मग उभा राहून क्षणभर घोटाळला. त्याला काहीतरी जाणवलं असावं.

"तुला आता एवढा मोठा लागणार नाही ना, आई? तुझं काम साध्यावर होतं."

अण्णा दार धरून उभे होते. श्रियानं मान खाली घातली. शुभदाच्या तोंडाशी आलं होतं ते सगळं बोलायला तीच वेळ होती, आणि पुढे पुन्हा येणार नव्हती, हेही तिला समजत होतं.

"नाही लागणार," ती म्हणाली. "सांभाळून न्या."

टेम्पो गेल्यावर अण्णा त्या रिकाम्या खोलीत फिरून आले. भिंतीवर टेबलाच्या उंचीची एक काळपट खूण राहिली होती. ते म्हणाले, बघ, आता केवढी जागा झाली, तुला हवं ते इथं मांड, हवा तर एक कॉम्प्युटर घेऊन टाकू. त्यांच्या आवाजात खराच उत्साह होता. साईनाथकडे उद्या जाऊन भाव विचारतो, असंही म्हणाले.

शुभदानं त्यांच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस तिला कुणीतरी परका, सभ्य, थोडासा बहिरा गृहस्थ वाटला. शिकवणीवाल्याच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिका दुपारी द्यायच्या होत्या. तिनं चष्म्याची डबी घेतली, जेवण झाकून ठेवलंय असं सांगितलं, आणि खाली गेली.